जोडणीच्या आधीचं काम

गोंदिया जिल्ह्यात जुनी गाडी लवकर मोडीत जात नाही. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण तिरोडा, आमगाव, देवरीच्या रस्त्यांवर ती आजही दिसते. तेच ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन धावणारी ओम्नी दिसते. काळी-पिवळी जीप तर कित्येक खेड्यांना तालुक्याशी जोडणारं रोजचं साधन आहे. या गाड्यांची इंजिनं थकतात, तेल खाऊ लागतात, निळा धूर सोडतात आणि मग मालकापुढे तीनच वाटा उरतात. गाडी भंगारात द्यायची, गॅरेजवर सोपवायची, किंवा इंजिन स्वतः उतरवून, उघडून, दुरुस्त करून पुन्हा जोडायचं. ही पुस्तिका तिसऱ्या वाटेने जाणाऱ्यांसाठी आहे. घरच्या पडवीत, मोजक्या साधनांत हे काम नीट होऊ शकतं असं माझं ठाम मत आहे. मात्र इंजिन जोडणं म्हणजे पाने फिरवणं, अशा समजुतीने जो कामाला बसतो त्याच्या हातून ते होत नाही. जोडणी साधणार की फसणार हे पहिला बोल्ट आवळण्याच्या आधीच ठरलेलं असतं: धुण्यात, मोजण्यात आणि लिहून ठेवण्यात. पाने फिरवायला एक-दोन दिवस पुरतात. त्याआधीच्या तयारीत काही आठवडे गेले तर त्यात वावगं काही नाही. या प्रस्तावनेत मला एवढंच पटवून द्यायचं आहे, आणि त्यावर जे रास्त आक्षेप घेतले जातात त्यांना उत्तर द्यायचं आहे.

आधी हे काम कोणत्या मापाचं आहे ते पाहू. मारुती ८०० च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. या सिलिंडरात पिस्टन ज्या मोकळिकीत वर-खाली होतो ती मोकळीक साधारण तीन-चार शतांश मिलिमीटर असते. माणसाच्या डोक्याचा केस सहा-आठ शतांश जाड असतो, म्हणजे केसाची अर्धी जाडी. क्रँक आणि त्याच्या बेअरिंगमधली फट सर्वसाधारण पेट्रोल इंजिनात दोन ते सहा शतांशांच्या दरम्यान येते. या फटीत तेलाचा पातळ पदर उभा राहतो आणि क्रँक त्या पदरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही, किंवा लागू नये. फट कमी पडली तर तेल आत शिरत नाही आणि बेअरिंग जळतं. फट जास्त झाली तर तेल बाहेर निसटतं, दाब पडतो आणि इंजिन ठोकू लागतं. चांगलं आणि वाईट यांच्यातलं हे अंतर डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना कळत नाही. जुना क्रँक हातात धरून तो चकचकीत दिसतो म्हणून ‘चांगला आहे’ असं म्हणणं, हा मोजमापाच्या जागी नजरेवर टाकलेला विश्वास आहे. ज्या कामात केसाच्या अर्ध्या जाडीवर निकाल लागतो, तिथे नजरेचा उपयोग फक्त ओरखडे शोधण्यापुरता.

दुसरी गोष्ट धुळीची, आणि ती गोंदियाला जितकी लागू आहे तितकी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. हा धानाचा जिल्हा, राईस मिलचा जिल्हा. उसना तांदूळ करायला वाफ लागते आणि मिलच्या बॉयलरमध्ये बहुधा धानाचीच टरफलं जळतात. टरफल जळून गेलं की त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते, आणि त्या राखेत साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूचाच घटक. वाऱ्यावर उडणारी ती करडी, हलकी राख खिडकीच्या चौकटीवर बसते, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि उघड्या ठेवलेल्या इंजिनच्या ब्लॉकमध्येही बसते. तेलाने ओल्या पृष्ठभागावर तर ती चिकटूनच राहते. बेअरिंगचा वरचा थर मऊ धातूचा असतो. राखेचे कण त्यात रुततात आणि तिथून फिरत्या क्रँकला कानशीसारखे खात राहतात. मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा, उन्हाळ्यात रस्त्याकडेची मुरुमाची धूळ आणि वर ही राख, हे सगळं लक्षात घेतलं तर घरी इंजिन जोडणाऱ्याने पहिला खर्च पान्यांवर न करता स्वच्छतेवर का करायचा, ते स्पष्ट होतं.

हा खर्च मोठा नाही. दार लागतं अशी एक खोली, पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली. जमीन सारवलेली असेल तर तिच्यावर जाड ताडपत्री अंथरलीच पाहिजे, कारण सारवण वाळलं की पावलागणिक बारीक धूळ सुटते. ब्लॉक झाकायला प्लास्टिकची मोठी, अखंड पिशवी, आणि काम नसताना ती तोंड बांधून. पुसायला जुन्या धोतराचं किंवा सुती चादरीचं धुतलेलं कापड. गॅरेजमध्ये वापरतात त्या सुताच्या गुंत्याचे धागे सुटतात, तेलाच्या वाटेत अडकतात, म्हणून तो इथे नको. सुटे भाग ठेवायला झाकणाचे डबे. या यादीत महाग असं काहीही नाही, तरी जी इंजिनं जोडल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा उघडावी लागतात, त्यांच्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या गोष्टीत सापडतं.

सिलिंडर धुण्याची रीत इथे जरा तपशिलाने सांगतो, कारण आपल्याकडे ती सर्रास चुकते. लेथवाल्याकडून बोअर आणि हॉनिंग करून आलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी असते. त्या रेघांत तेल टिकावं म्हणून ती मुद्दाम पाडलेली असते. पण हॉनिंगच्या दगडाची भुकटीही त्याच रेघांत बसलेली असते. आपला नेहमीचा हात रॉकेलकडे, डिझेलकडे किंवा पेट्रोलकडे जातो. हे द्रव तेल विरघळवतात, भिंत वरवर चकचकीत करतात, पण भुकटीला रेघेतून उचलून बाहेर काढत नाहीत. ती निघते गरम पाण्याने आणि साबणाने. कपडे धुण्याची पावडर गरम पाण्यात कालवायची, ताठ केसांचा ब्रश घ्यायचा आणि भिंत वरून खालपर्यंत घासायची, पाणी बदलून पुन्हा घासायची. मग पांढरं कापड भिंतीवर दाबून फिरवायचं. त्यावर करडा डाग उमटला तर धुणं संपलेलं नाही. डाग उमटेनासा झाला की लगेच, खरोखर लगेच, भिंतीवर इंजिन ऑइलचा हात फिरवायचा. कारण तेल गेलेलं बीड दमट हवेत पाहता पाहता तांबूस पडायला लागतं. पावसाळ्यात तर एक रात्रसुद्धा फार झाली. तेलाच्या अरुंद वाटा बाटली धुण्याच्या लांब ब्रशने आणि हवेच्या फुंकाऱ्याने साफ करायच्या. ब्लॉकमधली बोल्टांची आंधळी भोकंही कोरडी करायची, कारण त्यांत तेल किंवा पाणी साचलं असेल तर वरून बोल्ट आवळताना त्याला निघायला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट ऋतूची. कारखान्यात मापं २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरून दिलेली असतात. जगभरच्या मोजमापाचा तोच संकेत आहे. गोंदियात मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या पंचवीस अंशांच्या फरकाने काय होतं त्याचा हिशेब सोपा आहे. बिडाचा ब्लॉक आणि पोलादी मायक्रोमीटर उष्णतेने जवळजवळ सारखेच वाढतात, त्यामुळे बोअरचं माप फारसं चुकत नाही. पिस्टन मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि तो बिडाच्या जवळपास दुप्पट वेगाने वाढतो. ६८.५ मिलिमीटरच्या पिस्टनवर हा फरक सुमारे दीड शतांश मिलिमीटर भरतो. जिथे सगळी मोकळीकच तीन-चार शतांशांची, तिथे दीड शतांश म्हणजे अर्ध्याच्या जवळ गेलेली चूक. उन्हात ठेवलेल्या डिकीतून पिस्टन काढून सावलीतल्या ब्लॉकशी त्याचं माप ताडून पाहिलं तर चूक आणखी वाढते. म्हणून मापं घेण्याच्या आदल्या संध्याकाळी ब्लॉक, पिस्टन, क्रँक आणि मापाची हत्यारं एकाच खोलीत ठेवावीत आणि सकाळी, उजाडल्यावर पण ऊन चढण्याआधी, मोजमाप करावं. वर्षातला योग्य काळही यावरूनच ठरतो. रोवणीच्या आणि पावसाच्या दिवसांत गंज, कापणी-मळणीच्या दिवसांत भुसा, एप्रिल-मेमध्ये उष्णता. मळणीची धामधूम ओसरल्यानंतरचा, जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. हवा कोरडी असते आणि सकाळचं तापमान विशीच्या आसपास असतं. घरी काम करणाऱ्याला गिऱ्हाइकाची घाई नसते, तेव्हा हा काळ निवडणं त्याच्याच हातात आहे.

आता हत्यारांकडे वळू. बाजारात गेलं की गोटी पान्यांचा मोठा, चकाकणारा सेट डोळ्यांत भरतो आणि पैशांचा मोठा हिस्सा तिथेच जातो. गोटी पाने लागतातच, रिंग पाने लागतात, पेचकस, पक्कड, रबरी हातोडी, रिंग दाबायचा पट्टा हेही लागतं. पण यांतलं बहुतेक शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडे मिळतं आणि साध्या दर्जाचं असलं तरी काम भागतं. जे उसनं मिळत नाही आणि ज्यात दर्जाशी तडजोड करता येत नाही, ते म्हणजे मोजण्याची आणि ठरावीक जोराने आवळण्याची हत्यारं: शून्य ते पंचवीस, पंचवीस ते पन्नास आणि पन्नास ते पंच्याहत्तर मिलिमीटरचे मायक्रोमीटर, बोअर मोजायचं डायल गेज, फिलर गेज, एक सरळ पट्टी आणि टॉर्क पाना. पुष्कळांना वाटतं की व्हर्निअर असला की पुरे. व्हर्निअर दोन शतांशांपर्यंत वाचता येतो, पण त्याच्या जबड्यांवर हाताचा दाब थोडा बदलला तरी वाचन बदलतं. मोकळीकच तीन-चार शतांशांची असताना त्याच्या भरवशावर राहता येत नाही. बेअरिंगची फट पाहायला एक स्वस्त उपाय आहे. प्लास्टिकची ठरावीक जाडीची तार क्रँकवर ठेवायची, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, क्रँक मुळीच फिरवायचा नाही, कॅप पुन्हा काढायची आणि चपटी झालेली तार पाकिटावर छापलेल्या पट्टीशी ताडून पाहायची. जितकी रुंद तितकी फट कमी. डायल गेज घेणं परवडत नसेल त्यानेही निदान हे केलंच पाहिजे.

इथे पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो. आपल्या भागातल्या कसलेल्या मिस्त्र्यांनी आयुष्यभर टॉर्क पाना हातात न घेता इंजिनं जोडली आणि ती चालली, मग हे सगळं कशाला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. एकाच प्रकारची इंजिनं वर्षानुवर्षं जोडणाऱ्याच्या मनगटात खरोखरच एक माप तयार होतं, आणि त्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण ते माप कशाचं असतं ते पाहावं. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला सुमारे निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो आणि बोल्टला ताणायला, म्हणजे ज्यासाठी आपण तो आवळतो त्यासाठी, जेमतेम दहा टक्के उरतो. मनगटाला सगळा जोर कळतो, ते दहा टक्के वेगळे कळत नाहीत. आटे कोरडे होते त्याऐवजी तेलकट झाले आणि घर्षण एकतृतीयांशाने घटलं, तर तेवढ्याच जोरात बोल्ट सुमारे चाळीस टक्के जास्त ताणला जातो. आटे गंजलेले असतील तर उलट. पाना जड लागतो, बोल्ट मात्र सैलच असतो. मिस्त्रीचा अंदाज बरोबर येतो, कारण तो नकळत त्याच बोल्टांवर, त्याच तेलावर, त्याच सवयीने काम करत असतो. पहिल्यांदा इंजिन जोडणाऱ्याकडे ती सवय नसते, आणि पुस्तक वाचून ती येत नाही. त्याला टॉर्क पाना हवा, त्याच्या जोडीला ब्रशने साफ केलेले आटे हवेत, आणि मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या आट्यांचा, हे माहीत हवं. काही इंजिनांचे हेडबोल्ट एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. ही माहिती कुठल्याही मनगटात नसते, फक्त मॅन्युअलमध्ये असते.

टॉर्क पाना खरा आहे की नाही, हेही घरी बऱ्यापैकी तपासता येतं. पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये घट्ट पकडायचं, दांडा आडवा ठेवायचा, आणि पकडीच्या मध्यावर पाण्याची कॅन टांगायची. पाणी आणि कॅन मिळून वजन दहा किलो होईल असं तराजूवर आधीच पाहून घ्यायचं. टोकाच्या मध्यापासून पकडीच्या मध्यापर्यंत अंतर चाळीस सेंटिमीटर असेल तर टॉर्क सुमारे ३९ न्यूटन-मीटर होतो, जुन्या मॅन्युअलच्या भाषेत चार किलोग्रॅम-मीटर. पाना त्याच्या दोन-तीन आकडे खाली लावला की ‘टक’ असा आवाज यायला हवा, आणि बराच वर लावला तर यायला नको. दांड्याच्या स्वतःच्या वजनाचाही थोडा भार पडतो, तो ध्यानात धरायचा. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण ढोबळ चूक असलेला पाना हिने पकडला जातो. काम झाल्यावर पान्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. हा साधा नियम न पाळल्याने कितीतरी चांगले पाने खोटं बोलायला लागतात.

तयारीचा तिसरा भाग वहीचा. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकमध्ये बसवूनच भोकं एका रेषेत कापलेली असतात. त्यामुळे कॅपची अदलाबदल झाली, किंवा कॅप उलटी बसली, तर गोल भोक गोल राहत नाही. कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या कॅपचंही तसंच. इंजिन उघडताना प्रत्येक कॅपचा क्रमांक, बाणाची दिशा, कोणता बोल्ट कुठल्या भोकातला, हे वहीत लिहिलं आणि फोनने फोटो काढला, तर जोडताना डोकं खाजवावं लागत नाही. मोजलेला प्रत्येक आकडा त्याच वहीत: एक नंबरच्या सिलिंडरचं वर, मध्ये आणि खाली घेतलेलं माप, आडवं आणि उभं, म्हणजे सिलिंडर किती झिजला आणि किती अंडाकृती झाला ते कळतं. याच जिल्ह्यात बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडवणारी संस्था आहे, तिथे पिस्टन इंजिनाची छोटी विमानं उडतात. विमानाच्या देखभालीत कुठला भाग कोणी बसवला आणि कोणी तपासला याची लेखी नोंद बंधनकारक असते, मोजण्याची हत्यारं ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागतात. विमानाच्या पिस्टन इंजिनात आणि गाडीच्या इंजिनात तत्त्वाचा फरक फार नाही. फरक इतकाच की एक हवेत बंद पडतं आणि दुसरं कोहमाऱ्याच्या वळणावर. नोंदीची शिस्त मात्र गाडीसाठीही तितकीच कामाची आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. मोजण्याची चांगली हत्यारं विकत घेतली तर एका इंजिनाच्या कामात गॅरेजपेक्षा जास्त खर्च होतो, असं म्हणतात. एकट्याने, एकाच इंजिनासाठी घेतली तर ते खरं आहे, आणि पैसे वाचवणं एवढाच हेतू असेल तर त्याने या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगतो. पण ही हत्यारं झिजत नाहीत, वर्षभर पडून राहतात आणि एका पेटीत मावतात. गावोगावी शेतीची अवजारं सामायिक ठेवण्याची अवजार बँकेची कल्पना आता रुजली आहे. पाच-सहा गाडीमालकांनी किंवा एखाद्या बचत गटाने तशीच एक मोजमापाची पेटी ठेवली तर प्रत्येकाचा वाटा किरकोळ होतो. दुसरं असं की मोजता येणारा माणूस लेथवाल्याकडे वेगळ्या पायरीवरून बोलतो. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग ही कामं घरी होणारी नाहीत, ती गोंदियाला किंवा नागपूरला न्यावीच लागतात. पण नेताना पिस्टन सोबत न्यायचे, पिस्टनच्या मापाप्रमाणे बोअर मागायचा, किती मोकळीक हवी तो आकडा कागदावर लिहून द्यायचा आणि काम झाल्यावर तिथेच मोजून घ्यायचं. ‘क्रँक दहा झाला’ एवढ्या तोंडी शब्दावर बेअरिंग विकत घेऊ नये. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. तेवढाच क्रँक घासला गेला आहे का, ते पाहून मगच दहाचं बेअरिंग मागायचं. चांगले कारागीर या मोजण्याने रागावत नाहीत, उलट त्यांना ते आवडतं.

तिसरा आक्षेप असा की आजची इंजिनं इलेक्ट्रॉनिक झाली, घरी हात लावण्याचे दिवस गेले. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा मानकं आली आणि नव्या गाड्यांत सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, संगणक हे सगळं वाढलं, हे खरं. कॉमनरेल डिझेलच्या इंधनव्यवस्थेत तर हजारो किलोचा दाब खेळतो. तिच्याशी घरी मुळीच खेळू नये, ही पुस्तिका त्या वाटेला जातच नाही. पण हे सारं इंजिनच्या भोवती आलं आहे. आत क्रँक, बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा तशाच आहेत, त्यांच्या फटी उलट आणखी काटेकोर झाल्या आहेत. जुन्या साध्या पेट्रोल इंजिनावर मोजायला शिकलेला हात पुढे कुठल्याही इंजिनवर कामी येतो. म्हणून उदाहरणासाठी मारुती ८०० निवडली आहे. सुटे भाग सहज मिळतात, इंजिन लहान आहे, आणि चुकीचा दंड परवडणारा आहे.

आणखी एक धोका आहे, त्याबद्दल थोडक्यात पण निक्षून सांगतो. कौलारू घराच्या जुन्या मयालीला चेन कुप्पी टांगून इंजिन उचलू नये. सागवानाची मयाल बाहेरून भक्कम दिसते, आतून वाळवीने पोखरलेली असू शकते, आणि खाली माणूस असतो. लोखंडी पाइपची तिपाई किंवा भाड्याची इंजिन क्रेन वापरावी. इंजिन स्टँडला ब्लॉक बसवताना ८.८ किंवा त्याहून वरच्या प्रतीचे बोल्ट वापरावेत. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये, आणि कुठलंही इंधन चुलीपासून, देवघराच्या दिव्यापासून दूर ठेवावं. ब्लॉक बदलावा लागला तर इंजिन क्रमांक बदलतो. तो नोंदणी पुस्तकात बदलून घेण्यासाठी एमएच-३५ च्या कार्यालयात वेळेवर जावं.

ही सगळी तयारी झाली की प्रत्यक्ष जोडणी आश्चर्य वाटावं इतकी शांतपणे होते. मेन बेअरिंगची एकेक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहायचा. तिसरी कॅप आवळल्यावर तो जड झाला तर दोष तिसऱ्या कॅपजवळ आहे, हे तिथल्या तिथे कळतं. चारही कॅप आवळून झाल्यावर जड लागला असता तर सगळं उकलावं लागलं असतं. रिंग सिलिंडरात घालून पिस्टनने सरळ खाली ढकलायची आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहायची. ६८.५ मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास यावी, नेमका आकडा मॅन्युअलचा. फट कमी ठेवली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडरची भिंत खरवडते. पिस्टन आत उतरवताना रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवायचे, नाहीतर बोल्टाचं टोक घासून आत्ताच ग्राइंड केलेल्या क्रँकवर ओरखडा ओढतं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. टायमिंगचा पट्टा चढवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन वेढे फिरवायचा, कारण तेवढ्यातच कॅमचा एक वेढा होतो. मग खुणा जागेवर आल्या का ते पाहायचं. आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने फिरवायचं. पुढच्या प्रकरणांत यातली प्रत्येक पायरी मापांसह दिली आहे.

मराठीत कारागिरीचं लेखन नवं नाही. १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ने आणि नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाने यंत्रांची माहिती साध्या मराठीत घरोघरी पोचवली होती. इंजिनाच्या जोडणीवर मात्र गॅरेजमधल्या मुलाला हातात धरता येईल असं मराठी पुस्तक सहज सापडत नाही. तो बारावी न झालेला असू शकतो, त्याला इंग्रजी मॅन्युअल वाचता येत नसेल, पण शतांशाचा हिशेब त्याला समजतो. त्याच्यासाठीही हे लिहिलं आहे.

शेवटी एक विनंती, वाचकाला नव्हे तर संस्थांना. गोंदियाच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांमध्ये आणि जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मायक्रोमीटर आणि डायल गेज पडताळून पाहण्याची साधनं आणि ती वापरणारे शिक्षक असतात. महिन्यातला एक शनिवार त्यांनी बाहेरच्या माणसांसाठी खुला ठेवावा. गॅरेजवाल्याने आपला टॉर्क पाना आणावा, घरी इंजिन उघडून बसलेल्या शेतकऱ्याने आपला क्रँक आणावा, आणि दोघांना खरं माप मिळावं. त्याला वेगळा निधी लागणार नाही. एक शिक्षक, एक टेबल आणि चार तास पुरतील.